तिसरा गिअर

हौसेला मोल नसतं म्हणतात.
इथे मात्र ते काचेला आतून चिकटवलेलं होतं,
पिवळ्या कागदावर: एकाहत्तर हजार चारशे.
शेजारच्या गाडीवर अठ्ठेचाळीस हजार नऊशे.
रंग तोच, करडा. दारं चारच.
आसनांचं कातडंही बहुधा एकाच गाईचं.

ओटमार दोन्हींच्या मधे उभा, हात मागे बांधून,
जसा एकतीस वर्षं कारखान्यात
तपासणीच्या टेबलाशी उभा राहिला,
दातेरी चाकं मोजत,
केसाच्या विसाव्या भागाइतकी चूक निघाली
तरी लाल पेटीत टाकत.
ती चाकं ज्या गाड्यांत बसली
त्यातली एकही आमच्या दाराशी थांबली नाही.
आमच्या दाराशी एक निळी व्हॅन होती.
ती गेल्यावर दुसरी निळी व्हॅन.

सेरहात, विकणारा पोरगा, सांगत होता:
ही चार पूर्णांक नऊ सेकंदांत शंभर गाठते,
आणि ही तीन पूर्णांक आठमध्ये.
मी बेकरीची वही सांभाळलेली बाई.
पर्समधून पेन्सिल काढली, पावतीच्या पाठीवर भागाकार मांडला.
एका सेकंदाला वीस हजार चारशे चौपन्न युरो.
ओटमारला दाखवला.
तो म्हणाला, ‘हिल्ट्रूड, आज नको.’

मग महागडी घेऊन निघालो, उल्मच्या दिशेने.
गॉपिंगेन सुटलं, चढ लागला,
आणि रस्त्याचं काम.
पाचशे दहा घोडे
एका सिमेंटच्या टँकरमागे पेंड खात, ताशी साठ.
ओटमार मान तिरकी करून ऐकत होता.
गाणं बंद, खिडकी बंद, मला बोलणं बंद.
पुढच्या थांब्यावर गाडी उभी केली.

‘तिसऱ्यात ऐकलंस?’
मला काहीच ऐकू आलं नव्हतं.
‘बारीक शिट्टी आहे. शिट्टीसुद्धा नाही, शिट्टीचा विचार.
माझ्या टेबलावरून गेली नसती.’
त्याचा चेहरा कसा झाला ते सांगता येत नाही.
सुटल्यासारखा. आणि लुबाडल्यासारखा.
‘स्वस्तातली पुरे आपल्याला,’ म्हणाला,
‘परत तू ने. माझा गुडघा आखडलाय.’

मी आसन पुढे ओढलं. आरसा खाली केला.
चष्मा पुसला, हे मला नीट आठवतं.

परतीच्या बाजूला काम नव्हतं, टँकर नव्हता.
गोल पांढरी पाटी आली, तिच्यावर काळ्या तिरक्या रेघा,
म्हणजे इथून पुढे ज्याची त्याची मर्जी.
मी पाय दाबला.
किती, ते मी ठरवलं नव्हतं.

पाठ आसनात रुतली.
डोंगर जवळ आला आणि मागे गेला.
पोटात काहीतरी हललं,
जे गाब्रिएलच्या वेळी शेवटचं हललं होतं.
कोणीतरी मोठ्याने हसत होतं,
गाडीत आम्ही दोघंच, आणि ओटमार तर दाराची मूठ धरून बसलेला.
अकरा सेकंद असतील. बारा नाहीत.
पुढे एक घोड्यांचा ट्रेलर दिसला,
मी पाय उचलला.

दुकानात ओटमारने स्वस्तातल्या गाडीवर घासाघीस केली.
हिवाळी टायर फुकटात पदरात पाडून घेतले,
वर रबरी पायपुसण्याही.
सेरहातने माझ्याकडे पाहून विचारलं, ‘आणि बाईंना कशी वाटली?’
ओटमार म्हणाला, ‘तिचा हिशेब पक्का असतो.’
मी सही केली तिथे, जिथे बोट ठेवलं होतं.

गाडी चांगली आहे. तक्रार काही नाही.
डिझेल कमी पिते, दळण-किराण्याला मागचा कप्पा पुरतो,
गुरुवारी मी ओटमारला तिच्यातून गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेते.
बावीस हजार पाचशे बँकेत आहेत,
वर्षाअखेर त्यांच्यावर व्याज येईल तेवढं येईल.

फक्त रात्री कधी झोप लागली नाही
की तो भागाकार मी पुन्हा करते, आता उलटा:
अकरा सेकंदांचे किती?
दोन लाख पंचवीस हजार.
एवढं मी त्या पोराचं देणं लागते,
आणि त्याने अजून बिल पाठवलेलं नाही.